'आठ रिश्टरला टिकणारी बिल्डिंग' म्हणजे नक्की काय हो?

तळमजला_ते_तेविसावा · रविवार, रात्री १०:१२

मंडळी, आमची चार मजली बिल्डिंग (बोरिवली पश्चिम, खाडीच्या अंगाला, १९७९ची) पुनर्विकासाला चालली आहे. आज गच्चीवर बिल्डरच्या माणसाने प्रेझेंटेशन दिलं. पोडियम गार्डन झालं, मॉड्युलर किचन झालं, मग स्लाइड आली: 'आठ रिश्टरपर्यंतचा भूकंप सहन करणारं बांधकाम'. टाळ्या पडल्या.

मी हात वर करून विचारलं, हा आठ रिश्टरचा भूकंप कुठे झालेला धरलाय? बिल्डिंगखाली, की नाशिकला, की अरबी समुद्रात? तो माणूस हसून म्हणाला, "सर, एट इज एट." सेक्रेटरींनी मला डोळ्यांनीच खाली बसवलं आणि चहा-खारी फिरायला लागली.

माझा प्रश्न चुकीचा होता का? शिवाय मावशींनी फॅमिली ग्रुपवर ढकललेला मेसेज आहेच: 'मुंबई ज्वालामुखीवर वसलेली आहे, अंधेरीचा गिल्बर्ट हिल कधीही जागा होईल'. जाणकारांनी दोन्हींवर प्रकाश टाकावा.

बिनपगारी_पूर्णवेळ · रात्री १०:२०

"एट इज एट." ही ओळ मी सही म्हणून लावतोय, कुणाची हरकत?

स्लॅबवाला · रात्री ११:०५

स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये बावीस वर्षं घासली आहेत म्हणून लिहितो. तुमचा प्रश्न बरोबर होता, स्लाइड चुकीची होती.

रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, बिल्डिंगचा नसतो. गणपतीत एखादं ढोलपथक ऐंशी ढोलांचं असतं. ते ऐंशी दादरला ऐका नाहीतर मुलुंडला, ऐंशीच. पण तुमच्या खिडकीची काच किती थरथरणार हे पथक किती लांब आहे, मधे काय आहे आणि काच पुट्टीत घट्ट बसलीय की सैल, यावर ठरतं. पहिला आकडा म्हणजे भूकंपाचं परिमाण, दुसरी ती तीव्रता. पेपरात 'रिश्टर स्केलवर ६.२ तीव्रतेचा' असं छापून दोघांची कायमची खिचडी करून ठेवली आहे.

तीव्रता मोजायला यंत्रही लागत नाही. इटलीच्या मर्काली यांनी १९०२ मध्ये बसवलेल्या पट्टीवर आणि आपल्याकडे वापरतात त्या एमएसके पट्टीवर एक ते बारा पायऱ्या आहेत, आणि त्या माणसांना विचारून, भिंती बघून ठरवतात. टांगलेला दिवा हलला का, झोपलेले जागे झाले का, गिलावा पडला का, विटांची भिंत फाटली का. एकाच भूकंपाचं परिमाण एक, तीव्रता गावोगाव वेगळी.

आम्ही डिझाइन करताना रिश्टर हा शब्द कुठे लिहीतसुद्धा नाही. आयएस १८९३, म्हणजे भूकंपाला धरून बांधकाम करायचं भारतीय मानक, त्याच्या ज्या धोक्याच्या नकाशावर माझी हयात गेली त्यात मुंबई झोन ३ मध्ये, गुणांक ०.१६. म्हणजे मोठ्यात मोठ्या धक्क्याला जमीन गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ टक्के त्वरणाने हिसडली जाईल असं धरायचं, आणि नेहमीच्या डिझाइनला त्याचं निम्मं. भुजला हाच गुणांक ०.३६. तेव्हा बिल्डरला विचारायचंच तर हे विचारा: झोन ३ धरलाय का, आयएस १३९२० प्रमाणे सळ्यांचं डिटेलिंग आहे का, आणि मातीचा अहवाल कुठे आहे.

उपनगरी_ऊर्मी · रात्री ११:३१

ढोलाचं उदाहरण आवडलं. पण मग आठ म्हणजे दहापैकी आठ का? मला इतके दिवस तसंच वाटत होतं.

स्लॅबवाला · रात्री ११:४८

@ऊर्मी, नाही. वर मर्यादा ठरवलेलीच नाही. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी ही मोजणी बसवली. ठरावीक बनावटीचं भूकंपमापक १०० किलोमीटरवर असेल आणि त्याच्या कागदावर एक मिलिमीटरची रेघ हलली, तर तो भूकंप ३चा. दहा मिलिमीटर हलली तर ४चा. दर एक अंकाला रेघ दहापट, पण ऊर्जा सुमारे ३२ पट. अगदी बारीक कंप उणे आकड्यातही जातात. आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा म्हणजे चिलीचा, २२ मे १९६०, ९.५.

आणि खरं तर मोठ्या भूकंपांना आता रिश्टरची मोजणी लावतच नाहीत. १९७९ पासून हँक्स आणि कानामोरी यांचं 'मोमेंट' परिमाण आहे. जमिनीखाली खडकाचा केवढा लांब-रुंद पट्टा सरकला, किती मीटर सरकला आणि तो खडक किती कडक, या तिन्हींचा गुणाकार. रिश्टरसाहेबांचं नाव मात्र बातम्यांतून जात नाही.

गिरगावकर_अण्णा · सोमवार, सकाळी ६:४०

मुंबईला भूकंपाचं काय, असं म्हणणाऱ्यांसाठी. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मी नऊ वर्षांचा, आमची चाळ तीन मजली, लाकडी जिन्याची. आधी फळीवरचे पितळेचे डबे एकमेकांवर वाजायला लागले. आईला वाटलं मांजर शिरलं, ती अंधारात चप्पल शोधत होती मारायला. मग कडी लावलेलं दार आपोआप खडखडलं, तेव्हा वडिलांनी मला उचललं. खाली गल्लीत अख्खी चाळ. आमच्या आजीने येताना देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणलान आणि स्वतःचा चष्मा विसरली. कुणीतरी म्हणालं बंदरात स्फोट झाला, कारण चव्वेचाळीसचा गोदीचा स्फोट पाहिलेली माणसं तेव्हा चाळीत बरीच होती.

कोयनानगर होतं ते. ६.३चा, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोयनेची वीज खंडली आणि इथल्या कारखान्यांची चाकं थांबली. मुंबईपासून दोनशे किलोमीटर हवेतून.

बिनपगारी_पूर्णवेळ · सकाळी ८:५५

अण्णा, मांजराला मारायला निघालेल्या आईंना दंडवत.

आता हिशोब कुणीतरी तपासा. ६.३ आणि ८ यांत १.७चा फरक. म्हणजे बिल्डर म्हणतोय त्या 'आठ रिश्टर'मध्ये साधारण साडेतीनशे कोयना मावतात?

स्लॅबवाला · सकाळी ९:१०

ऊर्जेच्या हिशोबाने हो, बरोबर आहे.

काजळी · सकाळी ११:२२

अण्णांमुळे राहवलं नाही. माझे वडील एका वेधशाळेत भूकंपमापकाचं काम बघत. शाळेला सुट्टी असली की मी सोबत जायचो. पिंपासारखं एक रूळ, त्याला गुळगुळीत कागद गुंडाळायचा, खाली रॉकेलची चिमणी धरून कागद काजळीने काळाभोर करायचा. रूळ सावकाश फिरत राहायचा आणि सुई काजळी खरवडत पांढरी रेघ ओढायची. दर मिनिटाला रेघेत एक बारीक दात. दुसऱ्या दिवशी कागद सोडवून लाखेच्या पाण्यात बुडवायचा, नाहीतर एका फुंकरीने चोवीस तास पुसले जातील. वडिलांच्या नखांत कायम काळं. आई म्हणायची, सरकारी नोकर म्हणून स्थळ स्वीकारलं, निघाला कोळसेवाला.

यंत्राचं तत्त्व साधं: जमीन हलते तेव्हा तिच्यावरचं सगळंच हलतं, मग कुणाच्या तुलनेत मोजायचं? म्हणून एक जड वजन असं टांगायचं की जमीन हलली तरी ते जडत्वाने जागच्या जागी राहू बघेल. वजन आणि जमीन यांच्यातला फरक म्हणजे ती रेघ. आता काजळी जाऊन विजेचे संकेत आणि संगणक आले, पण वजन काही गेलं नाही.

वडिलांनी शिकवलेली एक गंमत सांगतो. पहिली लाट येते ती पी, खडक दाबत-सोडत धावणारी, सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास. मागून एस, आडवी हिसडणारी, साडेतीनच्या आसपास. दोघींमधले सेकंद मोजायचे, आठाने गुणायचं, की भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. अण्णांचे डबे वाजणं आणि दार खडखडणं यात वीस-पंचवीस सेकंद गेले असतील तर गणित कोयनेला जाऊन मिळतं. एका यंत्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा पक्की करायला तीन ठिकाणांची वर्तुळं काढून ती कुठे छेदतात ते बघायचं.

गिरगावकर_अण्णा · दुपारी १२:०५

चप्पल शोधायला तेवढा वेळ गेला असणार, नक्की.

लोकलपंथी · दुपारी १:१५

अवांतर: कुलाब्याच्या वेधशाळेत १८९९ मध्येच मिल्न यांचं भूकंपमापक बसलं होतं, देशातल्या पहिल्या काही यंत्रांपैकी. आणि तिथलं चुंबकीय मापन अलिबागला हलवावं लागलं, १९०४ मध्ये, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने सुया नाचल्या असत्या. मुंबईच्या वाहतुकीने विज्ञानाला गाव सोडायला लावलं, परंपरा जुनी आहे.

सावंत_आंब्याचे · दुपारी २:३०

कोयनेचं नाव निघालंच आहे तर: धरणामुळे भूकंप झाला ही अफवा आहे ना? पाण्याच्या वजनाने डोंगर कसा हलेल?

कातळवेडा · दुपारी ४:५०

अफवा नाही, पण 'धरणाने भूकंप केला' हेही अर्धवट. खडकात ताण आधीच साठलेला असतो. भारताचा तुकडा वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत आशियाला रेटतोय, आपली नखं वाढतात त्याहून थोडा जास्त वेग. तो रेटा हिमालयापुरता राहत नाही, आत आपल्यापर्यंत पोचतो. जुन्या भेगेच्या दोन बाजू घर्षणाने अडकून वाकत राहतात आणि एक दिवस सुटतात. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर सरळ कुंपणं मध्येच काही फूट सरकलेली दिसली, त्यावरून रीड यांनी हे मांडलं.

जलाशय भरला की दोन गोष्टी होतात. वजन वाढतं, आणि पाणी भेगांतून खोल झिरपून आतला दाब वाढवतं, त्यामुळे अडकलेल्या बाजूंमधली पकड सैल होते. म्हणजे जी बंदूक भरलेली होती तिचा चाप ओढला गेला. कोयनेला दरवर्षी पावसाळ्यात पातळी बदलली की बारीक धक्के येतात, साठ वर्षं होत आली. म्हणून तर कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा आहे आणि त्या भागात तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं गेलं. हजार-बाराशे मीटर काळा कातळ संपला की खाली ग्रॅनाइट लागतो.

आता मावशींचा मेसेज. मुंबई ज्वालामुखीच्या *वर* नाही, मुंबई ज्वालामुखीतून *आलेली* आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला. शंकूच्या आकाराचा धूर सोडणारा डोंगर डोळ्यांसमोर आणू नका. बेसॉल्टचा लाव्हा पातळ, काकवीसारखा पसरणारा. थरावर थर बसले आणि सह्याद्रीच्या पायऱ्या झाल्या. कसारा घाटात गाडी हळू झाली की खिडकीतून मोजा, एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. 'ट्रॅप' हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला.

दोन पुरांमध्ये हजारो वर्षं शांतता असायची, तळी साचायची. वरळीच्या टेकडीत अशाच दोन थरांमधल्या गाळात इवल्या बेडकांचे जीवाश्म सापडले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. वरळीत साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वन रूम किचनपेक्षा मोठ्या जागेत राहणारे तेवढेच.

गिल्बर्ट हिल म्हणजे ६० मीटर उंच कातळखांब. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि तळ्याचा गाळ उन्हाळ्यात भेगाळतो तसा बहुकोनी तडकतो, फक्त इथे भेगा उभ्या खोल जातात. तो जागा होणार नाही. ज्याने हा लाव्हा दिला तो तप्त झोत, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, आज मॉरिशसशेजारच्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून उफाळतो. आपला तुकडा त्याच्यावरून केव्हाच उत्तरेला सरकून आला.

उपनगरी_ऊर्मी · संध्याकाळी ५:१५

आम्ही गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी सात वर्षं भाड्याने राहिलो. पायऱ्या चढून गावदेवीला जायचो, घरमालक भाडं वाढवायचा तेव्हा जास्तच. त्या खांबांना हात लावून कधी बघितलं नाही, आता शनिवारी जाते.

आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं? ती ज्वालामुखीची नाहीत का?

कातळवेडा · संध्याकाळी ५:४०

नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. भारतातला जागता ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट, १९९१ पासून अधूनमधून धुमसतंय. आणि कुणी विचारायच्या आधीच: लोणार उल्केचं विवर आहे, ज्वालामुखीचं नाही.

रात्रपाळी_सहार · रात्री ११:५५

विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. ज्वालामुखी आपल्याकडे येत नाही म्हणता, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलाच की. इथिओपियातला हायली गुब्बी २३ तारखेला फुटला, राख तांबडा समुद्र आणि अरबस्तान ओलांडून दुसऱ्या दिवशी गुजरात, राजस्थान करत दिल्लीपर्यंत. काही उड्डाणं रद्द, काही वळसा घालून. काउंटरवर एक आजोबा मला म्हणाले, "बाळा, पाऊस समजू शकतो, धुकं समजू शकतो, इथिओपिया?" मी काय सांगणार.

ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं लिहितो. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते, खडकाचा आणि काचेचा चुरा असतो. इंजिनाच्या आतल्या उष्णतेत तो वितळतो आणि पुढे पात्यांवर जाऊन थिजतो. १९८२ मध्ये जावाच्या आकाशात एका जंबोची चारही इंजिनं बंद पडली होती. खाली घसरत आल्यावर ती पुन्हा सुरू झाली म्हणून विमान जाकार्ताला उतरलं. विमानातल्या हवामान रडारला पाण्याचे थेंब दिसतात, कोरडी बारीक राख नाही. म्हणून जगात नऊ केंद्रं उपग्रहावरून राखेवर नजर ठेवतात.

सावंत_आंब्याचे · मंगळवार, सकाळी ७:३०

ज्वालामुखीलाही रिश्टर असतो का मग?

कातळवेडा · सकाळी ९:०२

त्याची वेगळी पट्टी, ० ते ८, बाहेर किती घनमाप माल फेकला त्यावर. १९९१चा पिनाटुबो ६, १८१५चा तांबोरा ७. ज्वालामुखी निदान आधी कुरकुरतो: खाली शिलारस सरकताना बारीक भूकंपांची माळ लागते, डोंगराचा उतार किंचित फुगतो, गंधकाचे वायू वाढतात. हे सगळं मोजता येतं, पिनाटुबोच्या वेळी त्यावरूनच हजारो लोक आधी हलवले होते. भूकंपाचं तसं नाही. तारीख-वार सांगणारा भेटला तर खुशाल उठून जा.

डोंबिवलीकर_मूळ_उमरगा · सकाळी १०:४७

जोक्स चालू द्या, मी थोडं वेगळं लिहितो. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. ६.२चा. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्याच आकड्याच्या भूकंपात दुसऱ्या देशात दोन-चार माणसं जातात. आमच्याकडे भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडाच्या, मातीत बसवलेल्या, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात घर गार राहायचं. भूकंप उथळ होता, गावांच्या अगदी खालीच. भिंत फुटून दगड आत पडले आणि वरून धाबं.

काकांच्या घराचा फक्त दरवाजा उभा राहिला होता, चौकटीसकट. सागाचा होता. काकू त्याला कुलूप लावा म्हणत होती.

आणि तेव्हाच्या नकाशात किल्लारी कमीत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होती. नंतर २००२ मध्ये तो झोनच काढून टाकला. म्हणून 'मुंबईत काय होतंय' म्हणणाऱ्यांचं मला हसू येत नाही.

गिरगावकर_अण्णा · सकाळी ११:१५

काय बोलणार. नमस्कार घ्या.

डहाणू_मास्तर · दुपारी ३:२०

मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरवरचं सांगतो. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची रांग लागली, धुंदलवाडीच्या आसपास. मोठा एक नाही, बारीक शेकडो. उथळ असल्यामुळे आधी आवाज येतो, खाणीत सुरुंग उडाल्यासारखा, आणि पायाखाली एकच ठोका. थंडीत लोक तंबूत झोपले. वर्गात धक्का बसला की पोरं बाकाखाली, आणि पाचवीतला एक पठ्ठ्या बाहेर येऊन आकडा सांगायचा: "गुरुजी, साडेतीन." संध्याकाळी बातमीत ३.४ किंवा ३.६. काजळीभाऊंच्या सुईपेक्षा स्वस्त.

काजळी · दुपारी ३:४१

मास्तर, त्याला वेधशाळेत पाठवा.

तळमजला_ते_तेविसावा · शनिवार, रात्री ९:३०

धागाकर्ता हजर आहे. स्लॅबवाले, तुमचे तीन प्रश्न लेखी दिले. मातीचा अहवाल मिळाला, त्याचा अर्थ सांगाल? वरचे तीन मीटर भराव, मग सहा मीटर खाडीची काळी चिकणमाती, मग मुरूम, आणि चौदा मीटरवर पक्का कातळ. आणि नकाशात तळाचे तीन मजले नुसते खांब, पार्किंगसाठी.

स्लॅबवाला · रात्री १०:२६

म्हणजे कातळवेडाचा लाव्हा तुमच्या खाली चौदा मीटरवर आहे, तिथपर्यंत पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, नेले पाहिजेत. मऊ माती हलणं वाढवते, आणि तिचा झोका बिल्डिंगच्या झोक्याशी जुळला की वाईट. १९८५ मध्ये भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब असून मेक्सिको सिटी कोसळली, कारण शहर जुन्या सरोवराच्या गाळावर.

पार्किंगचं जास्त मनावर घ्या. २६ जानेवारी २००१च्या भुजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी तिथे बिल्डिंगी पडल्या, आणि त्यांत खाली नुसते खांब नि वर भिंतींनी भरलेले मजले अशा बऱ्याच होत्या. वरचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा राहतो, सगळं वाकणं खालच्या खांबांवर येतं. पार्किंग नको असं नाही, पण तिथे कातरभिंती (आडवा हिसडा पेलणाऱ्या काँक्रीटच्या सलग भिंती) कुठे आणि किती, ते नकाशावर दाखवायला सांगा. लिफ्टभोवतीची भिंत दाखवून गप्प करतील, तेवढ्यावर थांबू नका.

तळमजला_ते_तेविसावा · रविवार, दुपारी १:१०

आज पुन्हा गच्चीवर मीटिंग झाली. कातरभिंतींचं विचारल्यावर पहिला प्रश्न आमच्याच मेंबरांकडून आला: "त्या भिंतींनी पार्किंग किती कमी होणार?" दोन गाड्या, असं उत्तर आलं. अर्धा तास त्या दोन गाड्या कुणाच्या यावर गेला. शेवटी बिल्डरचे इंजिनियर पुढच्या वेळी स्वतः येतो म्हणालेत, नकाशे घेऊन.

स्लाइड मात्र सुधारली आहे. आता लिहिलंय 'नऊ रिश्टर'.

बिनपगारी_पूर्णवेळ · दुपारी १:१४

आठवड्यात ३२ पट प्रगती. अभिनंदन.

स्लॅबवाला · दुपारी १:३०

इंजिनियर कधी येतायत? रविवार असेल तर मी येऊन मागे बसतो. खारी ठेवा.